१४०७ ची एकमेव रहिवासी

लातूरला आमच्या घरात अकरा माणसं आणि खोल्या दोन. मी एकटी अशी फक्त न्हाणीघरात असायचे, आणि तिथेही कुणीतरी दार वाजवून "झालं का गं?" विचारायचंच. त्यामुळे पुण्यात संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला तेव्हा घरच्यांना माझ्या शिक्षणाचा आनंद झाला आणि मला दाराचा. एक दार, ते बंद केलेलं, आणि आत मी. याहून जास्त त्या शहराकडून मला काही नको होतं.

मिळालं काय, तर विद्यार्थी संकुलाच्या चौदाव्या मजल्यावर तीन खाटांचं घर. क्रमांक १४०७. एकल खोल्या सगळ्या मिळून चाळीस आणि मागणारे दोन हजार. मी पहिल्याच दिवशी एकल खोलीसाठी अर्ज ठोकून दिला. प्रतीक्षायादीत नंबर आला पाचशे बारावा. म्हणजे पुढच्या जन्मी मिळाली असती. मग निदान खिडकीजवळची खाट तरी धरू, म्हणून तिच्यावर पिशव्या टाकल्या.

दुपारी नाझनीन तांबोळी आली. मिरजेची, वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला. उंची भरपूर आणि आवाज उंचीहून जास्त.

"खिडकी धरलीस व्हय?" ती म्हणाली. "असू दे. घोरतीस का तेवढं सांग."

"नाही," मी म्हटलं.

"मी घोरते," असं जाहीर करून ती सामान उघडायला बसली.

संध्याकाळी रोवेना तुस्कानो आली. वसईची, सूक्ष्मजीवशास्त्राची. ती मोजकंच बोलायची, पण तिच्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास तिच्या आधी घरात शिरला. मी मनातल्या मनात त्या पाचशे बारा नंबराला हात जोडले.

आता आमच्या दाराबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं.

त्या दाराला कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती, बोटाचा ठसाही लागत नव्हता. चौकटीत मोहरीएवढी छिद्रं होती. समोर उभं राहिलं की ती आपल्याभोवतीची हवा ओढून घेत आणि तीन सेकंदांत दार मुकाट्याने उघडे. त्यामागचं शास्त्र आम्हाला रोवेनाने समजावलं. एरवी न बोलणारी ही मुलगी जंतूंचा विषय निघाला की थांबायची नाही.

"माणूस नुसता बसला तरी तासाला लाखो कण हवेत सोडत असतो," ती म्हणाली. "कातडीचे, श्वासातले. त्यांच्यावर जंतू असतात. कुठले जंतू किती, याचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे आपण जाऊ तिथे आपला एक अदृश्य ढग आपल्यासोबत येतो."

"शी," मी म्हटलं.

"शी काय त्यात? तुझ्या अंगात जेवढ्या तुझ्या पेशी आहेत, जवळपास तेवढे जंतूच आहेत. निम्मी तू म्हणजे तेच."

या ढगाला संकुलात 'वलय' म्हणत आणि तो वाचणाऱ्या यंत्राला वलयमापक. चेहऱ्याची नक्कल करता येते, ठसा उचलता येतो, पासवर्ड मैत्रिणीच्या कानात सांगता येतो. वलय मात्र कुणाला उसनं देता येत नाही, असं यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं. पूर्वी मुलं खाट स्वतःच्या नावावर घेत आणि राहायला भलत्यालाच ठेवत. आता ते बंद झालं होतं. महिन्यातले निदान वीस दिवस तुमचं वलय घरात दिसलं पाहिजे. सलग दोन महिने दिसलं नाही, तर खाट रद्द आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला.

यात एक बारीक गोष्ट होती. वलय बदलतं. पाणी बदललं, खाणं बदललं, तापावर औषध घेतलं की जंतूंचं प्रमाण इकडचं तिकडे होतं. म्हणून यंत्र रोज थोडं थोडं शिकत राही. कालची ओवी बिराजदार आणि आजची ओवी बिराजदार यांच्यात किंचित फरक पडला असेल, तर तो टिपून ठेवी आणि आजचीला खरी मानी. कंपनीला या सोयीचा फार अभिमान होता. आणि नेमकं तिथेच पाणी मुरत होतं.

आमचं पहिलं भांडण दह्यावरून झालं. माझ्या आईने फडक्यावर वाळवून विरजण दिलं होतं, नाझनीनच्या अम्मीने स्टीलच्या डबीत. तिचं दही गोडसर, माझं चांगलं आंबट. "हे दही आहे का चिंच?" ती विचारायची. "आणि ते दही आहे की बासुंदी?" मी विचारायचे. पंधरा दिवस फ्रिजमध्ये दोन भांडी शेजारी शेजारी होती आणि दोघींनी आपापल्या भांड्यावर नावाची पट्टी चिकटवली होती. शेवटी रोवेनाने एका सकाळी दोन्ही भांड्यांच्या तळाचं दही एकाच दुधात घालून टाकलं. दोन भांडी घासायचा तिला कंटाळा आला होता. जे दही लागलं ते इतकं सुरेख होतं की नाझनीनने तीन वाट्या खाल्ल्या आणि वर म्हणाली, "बघ, शेवटी मिरजेची चव वर आली." मी म्हटलं लातूरची. त्यानंतर भांडं एकच राहिलं.

मग तेल आलं. आमच्याकडे करडईचं तेल. आईने पाच लिटरचा डबाच पाठवला होता, खायला आणि डोक्याला. माझे केस कमरेपर्यंत. एका रविवारी सकाळी मी एकटीच हात मागे वळवून तेल लावायची खटपट करत होते. नाझनीन थोडा वेळ बघत राहिली आणि मग माझ्या मागे येऊन बसली.

"डोकं इकडं कर. भिंतीला चुना मारल्यागत लावतीस."

तिचे हात मजबूत होते. ती मला लावायला लागली तसं मी समोर बसलेल्या रोवेनाला ओढलं आणि तिच्या डोक्याला लावायला घेतलं. झाल्यावर तिघींनी तोंडं फिरवली आणि उलटीकडून तीच रांग. आमच्या घरी बायका अशाच बसतात. त्या रांगेतून सुटले म्हणून मी पुण्याला खूश होऊन आले होते, आणि दीड महिन्यात दर रविवारी मीच चटई अंथरत होते. खोटं कशाला बोलू, त्या तासाभरात मला फार सुख वाटायचं. आईचा फोन यायचा. "काय करलालीस? एवढा हसण्याचा आवाज कुणाचा यालाय तिकडं?" मी म्हणायचे, अभ्यास चाललाय.

हळूहळू माझा कुडता रोवेनाच्या अंगावर, तिची ओढणी नाझनीनच्या गळ्यात आणि नाझनीनचा स्वेटर माझ्याकडे, असं सगळं फिरायला लागलं. थंडी पडली तेव्हा तिच्या घरून आलेल्या जाड वाकळीत आम्ही तिघी पाय घालून अभ्यास करायचो. बोंबलाची चटणी भाकरीबरोबर किती छान लागते हेही मला याच दिवसांत कळलं. लातूरला ते अजून सांगितलेलं नाही.

भांडणं होतच होती. ऑक्टोबरमध्ये नाझनीनने वर्गातली सहा पोरं घरी आणली, माझ्या खाटेवर पुठ्ठ्याचा पूल बांधला आणि माझ्या टिपणांच्या वहीवर डिंकाची बाटली सांडली. माझं डोकं फिरलं. एकल खोलीच्या अर्जाचं नूतनीकरण करायचा शेवटचा दिवस तोच होता. मी तिरमिरीत 'नूतनीकरण' दाबलं आणि कुणाला काही बोलले नाही. दोन दिवसांनी राग गेला आणि रागाबरोबर अर्जही डोक्यातून गेला.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही नाश्ता करत होतो आणि दाराशेजारच्या पडद्यावर सूचना उमटली. नाझनीनने ती मोठ्याने वाचली.

"नाझनीन तांबोळी व रोवेना तुस्कानो यांचे सलग दोन महिने वास्तव्य न आढळल्याने त्यांच्या खाटा रद्द करण्यात येत आहेत. घर क्रमांक १४०७ मध्ये ओवी बिराजदार या एकमेव रहिवासी आढळतात..." ती खो खो हसायला लागली. "मी नाहीच म्हणे इथं! मग पोहे कोण खातंय? भूत?"

रोवेनाही हसत होती. मीही. मग नाझनीनने पुढची ओळ वाचली. "शंभर टक्के वास्तव्याची नोंद असल्याने, ऑक्टोबरमध्ये नूतनीकरण केलेल्या त्यांच्या अर्जास प्राधान्य देऊन त्यांना एकल खोली मंजूर करण्यात येत आहे. अभिनंदन."

तिचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला.

"ऑक्टोबरमध्ये?" तिने मला विचारलं.

"तो डिंक सांडला त्या दिवशी," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"डिंक मी पुसला होता की," ती म्हणाली आणि बशी उचलून आत गेली. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

रोवेनाने त्याच दिवशी आम्हा तिघींच्या हाताला, गळ्याला कापूस लावून नमुने घेतले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासले. संध्याकाळी आली ती डोळे चमकवत.

"तिघींचं प्रमाण जवळजवळ एकच! यावर शोधनिबंध लिहिता येईल."

"आधी राहायला जागा ऱ्हाती का बघ," नाझनीन म्हणाली.

रोवेनाने सांगितलं ते असं. इमारतीतली हवा गाळलेली, पाणी निर्जंतुक केलेलं. घरून आणलेले आमचे जंतू त्या पाण्याने दिवसेंदिवस विरळ होत गेले. मोकळ्या रानात जे बी पडेल ते उगवतं. आमच्या रानात पडलं एकच दही, एकच तेल, एकच वाकळ. आम्ही रोज थोड्या थोड्या एकमेकींसारख्या होत गेलो आणि यंत्र रोज थोडं थोडं शिकत तो फरक मान्य करत गेलं. शेवटी तिघींची वलयं त्याच्या मर्यादेत इतकी जवळ आली की ही एकच व्यक्ती आहे, असं त्याने ठरवलं. आणि जी आधी आली तिच्या नावावर सगळं टाकलं. मी नाझनीनच्याही तीन तास आधी आले होते, म्हणून ती व्यक्ती मी. कंपनीने या यंत्राची चाचणी ज्यांच्यावर घेतली होती, ते विद्यार्थी एका घरात राहून आपापल्या डब्यातलं खात आणि कानात यंत्र घालून बसत. त्यांची वलयं वर्षभरानंतरही वेगळीच निघाली. करडईचं तेल घेऊन रांगेत बसणाऱ्या मुली त्यांच्या हिशेबात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही निवासाधिकारी लोखंडे मॅडमकडे गेलो. तीस वर्षं नोकरी झालेल्या बाई. टेबलावर एकही कागद तिरका नाही.

"मॅडम, आम्ही तिघी रोज तिथेच राहतो," रोवेना म्हणाली. "यंत्र चुकलंय."

"यंत्र चुकलं, असं कोण म्हणतंय? ज्यांची खाट जाणार आहे त्या," मॅडम म्हणाल्या. "आजवर खाट जाताना 'हो मॅडम, मी राहत नव्हते' असं मला कुणीही म्हणालेलं नाही."

"माझी कॉलेजची हजेरी बघा ना," मी म्हटलं. "यंत्राप्रमाणे मी घरात होते, तेव्हा मी वर्गात होते."

त्या पहिल्यांदाच हसल्या. "बिराजदार, मीसुद्धा कॉलेजात शिकलेली आहे. निम्मं वर्ष माझी हजेरी माझी मैत्रीण लावत होती."

"मग शेजाऱ्यांना विचारा की," नाझनीन म्हणाली.

"शेजाऱ्यांना आपल्या घरात किती जण आहेत, हेही माहीत नसतं. हे बघा मुलींनो, बाहेर पाचशे मुलं खाटेसाठी थांबली आहेत. त्यांना मी काय सांगू, तीन मुली गोड बोलल्या म्हणून नियम मोडला? यंत्राच्या नोंदीविरुद्ध मला यंत्राचीच नोंद लागते. पंधरा दिवस देते. त्यात तुमच्या दारावर तांबोळी आणि तुस्कानो ही नावं उमटली, तर खाटा तुमच्या. नाहीतर माझा इलाज नाही."

बाई वाईट नव्हत्या. पण पंधरा दिवसांत आम्हाला वेगळं व्हायचं होतं.

रोवेनाने मोहीम आखली. तीन साबण आणले, तीन वेगवेगळ्या दुकानांतले. नाझनीन गव्हाचं खाणार, मी ज्वारीचं, रोवेना भात. दही बंद. तेल बंद. ज्याचे त्याचे कपडे ज्याच्या त्याच्या कपाटात. मध्ये पडदे लावले. जेवायलाही आळीपाळीने. मला ज्याची इतकी हौस होती ते सगळं झालं: माझा कोपरा, माझा पडदा, माझी शांतता. आणि मला घास गिळवेना. पडद्यापलीकडे नाझनीन एकटीच बसून खाखरा कुरकुरत खायची, तो आवाज ऐकूनसुद्धा मला रडायला यायचं. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "साबण सरलाय तुझा." "पडदा नीट लाव." एवढंच.

रोवेना रोज नमुने घेऊन तपासायची. अकराव्या दिवशी ती धावत आली. "फरक पडायला लागला! नाझनीन वेगळी निघाली, अगदी थोडी. असंच चालू राहिलं तर चार दिवसांत दार तिला नाझनीन म्हणून ओळखेल."

बाराव्या दिवशी नाझनीनची आराखड्याची परीक्षा होती. तिघा परीक्षकांसमोर उभं राहून आपल्या पुलाचा नकाशा समजावून सांगायचा होता. सकाळी नऊला मी पडदा सारून बाहेर आले, तर ती जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली. केस पिंजारलेले, डोळे मिटलेले. तिला डोकेदुखीचा त्रास होता, आणि दुखायला लागलं की प्रकाशसुद्धा सहन होत नसे. साडेअकराला परीक्षा होती.

"गोळी घेतलीस?" मी विचारलं.

"दोन. काही उपयोग नाही." डोळे न उघडताच ती म्हणाली. "जा तू. पडद्यात जा."

मी स्वयंपाकघरात गेले आणि करडईचं तेल वाटीत घेऊन कोमट केलं. परत आले तेव्हा रोवेना मध्ये उभी होती.

"ओवी, फक्त तीन दिवस राहिलेत," ती हळूच म्हणाली. "आत्ता हात लावलास तर बारा दिवस पाण्यात."

"जाऊ देत."

"जाऊ देत कसं?" नाझनीनने डोळे उघडले. "खाट माझी जाणार आहे. तुला वर खोली तयार आहे, म्हणून म्हणतीस."

"मी तो अर्ज मागे घेते," मी म्हटलं. "आणि ही खाटही सोडते. तिघी मिळून गावात कुठेतरी खोली शोधू. साध्या कुलपाची. नाझू, माझं चुकलं. त्या दिवशी रागात केलं आणि नंतर सांगायचं धाडस झालं नाही. मला एकटीला राहायचं होतं हे खरं आहे. पण मला एकटी म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. आता बारा दिवस राहून बघितलं. मला नाही आवडलं."

 तिने पाठ भिंतीपासून पुढे घेतली आणि मान खाली घातली. मी तिच्या मागे बसले आणि टाळूवर तेल थापलं. कानामागे, मानेच्या शिरांवर, कपाळाच्या कडांवर मी बोटं दाबत राहिले. थोड्या वेळाने तिचे खांदे सैल पडले.

"जरा जोरात," ती म्हणाली. "जेवली नाहीस का?"

"नाही."

"मी पण नाही नीट जेवले."

रोवेना हातातली नमुन्यांची पेटी घेऊन उभीच होती. तिने ती टेबलावर ठेवली, चटई ओढली आणि नाझनीनच्या पुढ्यात येऊन बसली. "मग मी काय नुसती बघत बसू? तू माझ्या डोक्याला लाव. लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं कमी होतं, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

नाझनीन अकराला तेलकट वेणी घालून परीक्षेला गेली. परीक्षकांनी तिला पूल कशावर उभा आहे विचारलं, ते तिने नीट सांगितलं आणि पास झाली. आम्ही त्या दुपारी पडदे काढून टाकले, तीन भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी एकाच ताटात घेतली आणि मन भरेपर्यंत जेवलो. तीन दिवसांनी बेघर होणाऱ्या मुली इतक्या आनंदात कधी कुणी पाहिल्या नसतील.

पंधरावा दिवस उजाडला. लोखंडे मॅडमसमोर आम्ही रांगेत उभ्या राहिलो. त्यांनी पडद्यावर नोंदी पाहिल्या, खालपर्यंत पाहिल्या, आणि चष्मा काढून ठेवला.

"एकच नाव आहे. ओवी बिराजदार. मला वाईट वाटतं मुलींनो, खरंच वाटतं. परवापर्यंत घर रिकामं करावं लागेल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बिराजदार, तुमच्या खोलीचं काय? बाविसाव्या मजल्यावर आहे, टोकाची. संमती द्या, नाहीतर अर्ज मागे घ्या. आजच ठरवा."

त्यांच्या टेबलावर संमतीचं यंत्र होतं. आमच्या चौकटीसारखीच मोहरीएवढी छिद्रं, आणि खाली दोन बटणं. समोर उभं राहायचं, ओळख पटली की बटण दाबायचं.

मी दोन पावलं पुढे गेले. अर्ज मागे घ्यायचा हे ठरलेलंच होतं. पण खरं ते सांगते, मी क्षणभर थांबले. टोकाची खोली. तिचं दार. अठरा वर्षं मी ज्या दाराची वाट पाहिली ते आता समोर होतं, आणि यापुढे कधीच असणार नव्हतं. मी क्षणभर थांबले, एवढंच. नाझनीनने ते पाहिलं.

"सर बाजूला," ती म्हणाली.

तिने मला खांद्याने भिंतीपर्यंत ढकललं, टेबलावर वाकली आणि यंत्राच्या छिद्रांसमोर तोंड नेऊन फू करून श्वास सोडला. मग माझ्याकडे बघत बटण दाबलं.

"ओवी बिराजदार," यंत्र गोड आवाजात म्हणालं, "आपली ओळख पटली आहे. आपला अर्ज मागे घेण्यात आला आहे. धन्यवाद."

 मॅडमनी चष्मा चढवला. मी त्यांच्यापासून सहा हात लांब, भिंतीला टेकून उभी होते.

"हे आत्ता कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी," नाझनीन म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"नाझनीन तांबोळी. दोन महिने गैरहजर."

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे वेळेसकट नोंद झाली होती. मग त्यांनी रोवेनाला बोटाने पुढे बोलावलं. रोवेनाने श्वास सोडला. "ओवी बिराजदार, आपली ओळख पटली आहे," यंत्र म्हणालं. मग मला बोलावलं. मीही ओवी बिराजदारच निघाले. मॅडमनी तिघींना पुन्हा दोनदा फिरवलं, आधी उलट्या क्रमाने, मग स्वतः मध्ये उभं राहून. यंत्राने त्यांना 'तारामती लोखंडे' म्हटलं आणि आम्हा तिघींना ओवी. पाच मिनिटांत त्या ऑफिसात नऊ ओव्या नोंदल्या गेल्या.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. बारा दिवस आम्ही वेगळ्या व्हायला धडपडलो होतो. साबण, पडदे, खाखरे! खरं तर आम्ही एकसारख्या आहोत, एवढंच मॅडमसमोर दाखवायचं होतं. पहिल्याच दिवशी दाखवता आलं असतं. तीन शिकलेल्या मुलींना ते सुचलं नाही, आणि जिला माझ्यावर राग काढायचा होता तिच्या हातून ते आपसूक झालं.

"यंत्राच्या विरुद्ध यंत्राचीच नोंद," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी हलकं हसू होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच नियमाने त्यांना एवढी मजा दिली असावी. "बरोबर आहे. सगळं नियमात बसतं. खाटा कायम. पुढच्या दुरुस्तीपर्यंत १४०७ ची हजेरी मी स्वतः येऊन घेईन, सकाळी आठला. आणि तांबोळी..."

"जी मॅडम?"

"दुसऱ्याच्या नावाने अर्ज मागे घेणं हा गुन्हा आहे. हे मी पाहिलेलं नाही. जा."

बाहेर येऊन आम्ही लिफ्टसमोर उभ्या राहिलो आणि तिथे आम्हाला हसू आवरेना. रोवेना तर हसता हसता खाली बसली. एका मुलाने आमच्याकडे बघून दुसरी लिफ्ट धरली.

जरा शांत झाल्यावर नाझनीनने मला विचारलं, "खरं सांग. मी नसते ढकललं, तर दाबलं असतंस का तू?"

"हो."

"मग थांबली कशाला होतीस?"

"दार डोळ्यापुढे आलं," मी म्हटलं. तिच्याशी आता खोटं बोलायचं नव्हतं. "अजूनही कधीतरी वाटेल बहुतेक. भांडण झालं की वाटेल."

मला वाटलं, ती पुन्हा गप्प होईल. तिने माझी वेणी हातात घेऊन जराशी ओढली.

"मग कर की अर्ज. खुशाल कर. जितक्यांदा करशील, तितक्यांदा मागं घेणार मी."

"आणि ती घरी नसली," रोवेना खाली बसल्या बसल्याच म्हणाली, "तर मी आहेच."